इझमीर : सरकलेल्या किनाऱ्याचं शहर

बंदरगावांची वाट : लेखांक ६

तुर्कस्तानच्या सहलीत इझमीरच्या वाट्याला बहुतेक वेळा विमानतळच येतो. तिथे उतरायचं, बसमध्ये बसायचं, एफिससचे अवशेष बघायचे आणि मुक्कामाला कुशादासी गाठायची, असा ठरलेला कार्यक्रम असतो. चाळीस लाखांहून जास्त वस्तीचं, एजियन किनाऱ्यावरचं हे मोठं बंदर यात बाजूला राहतं. माझं मत स्पष्ट आहे : एफिसस नीट समजून घ्यायचं असेल, तर आधी निदान दोन दिवस इझमीरला द्यावेत. ही दोन्ही बंदरं एकाच किनाऱ्यावरची. त्यातलं एक गाळानं बुजून संपलं. दुसऱ्याचा किनाराही सतत सरकत राहिला, तरी ते आजतागायत चालू आहे.

पश्चिम अनातोलियातल्या नद्या डोंगरातली माती घेऊन एजियन समुद्राला मिळतात. ब्युयुक मेंदेरेस नदीनं मिलेटसचं बंदर बुजवलं, क्युचुक मेंदेरेसनं एफिससचं. इझमीर एका लांब आखाताच्या आतल्या टोकाला वसलंय आणि या आखातात गेदिझ नदी गाळ आणून टाकत होती. एकोणिसाव्या शतकात जहाजांची वाट इतकी अरुंद होत चालली, की आखाताचं तोंडच बंद पडेल अशी भीती उभी राहिली. शेवटी १८८६ मध्ये ऑटोमन सरकारनं नदीचं पात्र उत्तरेला, फोचाच्या बाजूला वळवलं. नदीच्या जुन्या गाळावर पसरलेल्या दलदलीत आज रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. बंदर वाचलं ते नदी वळवण्याच्या या निर्णयामुळे. शहरात फिरताना आपण कुठे उभे आहोत आणि पूर्वी पाणी कुठवर होतं, एवढं विचारत राहिलं की इझमीर आपोआप उलगडू लागतं.

म्हणून पहिल्या दिवसाची सुरुवात उंचावरून करावी. टॅक्सीनं कादिफेकालेच्या टेकडीवर जावं, तेही दिवसाउजेडी. प्राचीन काळी हिला पॅगोस म्हणत. सगळ्यात जुनं स्मिर्ना, म्हणजे प्राचीन इझमीर, इथे नव्हतंच. ते आखाताच्या ईशान्य कोपऱ्यात, आजच्या बायराक्लीत होतं. अलेक्झांडरच्या काळानंतर शहर या टेकडीच्या उतारावर आलं. तटाजवळ उभं राहिलं की अख्खं आखात नजरेत येतं. समोरच्या काठावर कार्शियाका, उजव्या हाताला बायराक्लीच्या उंच इमारती आणि पायथ्याशी बाजाराची दाट छपरं. ही तीन ठिकाणं मनात पक्की बसली, की पुढे नकाशा फारसा लागत नाही.

उतरून रोमन अगोरा पाहावा. इसवी सन १७८ च्या भूकंपात स्मिर्ना कोसळलं, तेव्हा एलियस अरिस्टायडीझ या वक्त्यानं सम्राट मार्कस ऑरेलियसला पत्र लिहून मदत मागितली आणि सम्राटानं शहर पुन्हा उभं करायला हात दिला. बादशाहीच्या इतिहासात पत्रानं एवढं काम झाल्याची उदाहरणं थोडीच. अगोरातल्या एका कमानीवर सम्राटाची पत्नी फाउस्टिना हिचा चेहरा कोरलेला आहे. पण खरा वेळ द्यावा तो तळघराला. तिथे ओळीनं दगडी कमानी आहेत आणि प्राचीन पन्हाळीतून अजूनही पाणी वाहतं. भिंतींच्या गिलाव्यावर लोकांनी ओरखडून काढलेली जहाजं आणि ग्रीक अक्षरंही सापडली आहेत. त्या काळच्या साध्या माणसांच्या हातच्या इतक्या खुणा एका जागी क्वचितच मिळतात.

अगोरातून चालतच केमेराल्ती बाजारात शिरावं. रविवारी इथली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा वार बघून दिवस ठरवावा. बाजाराचा मुख्य रस्ता, अनाफार्तालार जाद्देसी, सरळ जात नाही, कमानीसारखा वळत जातो. हे वळण म्हणजे जुन्या आतल्या बंदराचा काठ. आज जिथे कापडाची आणि सोन्याची दुकानं आहेत तिथवर एके काळी गलबतं लागत होती. हे छोटं बंदर हळूहळू भरत गेलं आणि भरलेल्या जागेवर बाजार पुढे सरकला. १७४४ मध्ये बांधलेलं किझलाराआसी हान, म्हणजे व्यापाऱ्यांची सराई, त्या वेळच्या पाण्यापासून जवळच होतं. उंटांच्या तांड्यांबरोबर आलेला माल इथे उतरायचा आणि व्यापारी वरच्या खोल्यांत राहायचे. आता त्याच चौकात कपातच शिजवलेली तुर्की कॉफी मिळते. थकलेल्या पायांना इथे बसवावं.

बाजारातली हाव्रा सोकाआ, म्हणजे सिनेगॉगची गल्ली, चुकवू नये. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना ऑटोमन साम्राज्यानं आसरा दिला आणि त्यांच्यातले अनेक पुढे इझमीरला स्थिरावले. स्वतःला मसीहा म्हणवून सगळं ज्यू जग हादरवणारा शब्बताई झ्वी इथेच १६२६ मध्ये जन्मला. गल्लीत आज मासळी आणि भाजीचा बाजार भरतो आणि जुनी सिनेगॉग भिंतींच्या आड आहेत. काही आत जाऊन पाहता येतात, त्यासाठी आधी चौकशी करून ठेवावी. त्या ज्यूंनी आणलेला बोयोझ हा खुसखुशीत, पदर सुटलेला गोल पदार्थ म्हणजे इझमीरची सकाळची न्याहारी. सोबत उकडलेलं अंडं आणि चहा असतो. साध्या बोयोझमध्ये मांस नसतं.

शाकाहारी प्रवाशाला इझमीर तुर्कस्तानातल्या इतर अनेक शहरांपेक्षा सोपं जातं. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या ही इथली खासियत आहे. त्यात आर्टिचोक, चवळीच्या शेंगा, रानभाज्या आणि भात भरलेली द्राक्षाची पानं असतात. या पदार्थांसाठी ‘झेतिन्याअली’ हा शब्द पाठ ठेवावा. तरीही भात भरलेल्या पानांत खिमा नाही ना, हे विचारून घ्यावं.

संध्याकाळी कोनाक चौकात यावं. सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली त्यानिमित्त १९०१ मध्ये बांधलेला घड्याळाचा मनोरा इथे आहे. मनोरा छान आहे, पण त्यापेक्षा शेजारच्या धक्क्यावरून कार्शियाकाची फेरी पकडण्यात जास्त मजा आहे. इझमिरिम कार्ड काढून ठेवलं की फेरी, मेट्रो, ट्राम आणि विमानतळाकडून येणारी इझबान गाडी, सगळीकडे तेच चालतं. शहर समुद्रावरून पाहिल्याशिवाय बंदरगाव पाहिलं असं म्हणता येत नाही.

दुसरा दिवस कोर्दोनसाठी ठेवावा. हा धक्का एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच कंत्राटदारांनी समुद्रात भराव घालून बांधला. अंजीर, बेदाणे, कापूस आणि तंबाखू इथून युरोपला जात आणि ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, तुर्क आणि लेव्हंटाइन (इथे स्थायिक झालेल्या युरोपीय) व्यापाऱ्यांचं शहर याच कडेवर नांदत होतं. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इथे उतरलं. ९ सप्टेंबर १९२२ ला तुर्की सैन्य शहरात आलं. १३ सप्टेंबरला आग लागली आणि अनेक दिवस जळत राहिली. आर्मेनियन आणि ग्रीक वस्त्या बेचिराख झाल्या आणि हजारो माणसं या धक्क्यावर आग आणि पाणी यांच्यामध्ये अडकली. आग कोणी लावली याबद्दलची तुर्की आणि ग्रीक-आर्मेनियन कथनं आजही एकमेकांच्या विरोधात उभी आहेत. पुढच्याच वर्षी लोसानच्या करारानं लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तुर्कस्तानातून ग्रीसला गेले, तर चार लाखांच्या आसपास मुसलमान इकडे आले. ज्या वस्त्या जळाल्या त्यांच्या मोठ्या भागावर १९३६ मध्ये कुल्तुरपार्क उभा राहिला. आज तिथे घनदाट झाडी, तळं आणि फिरायला आलेली कुटुंबं आहेत. या बागेत जाताना खाली काय आहे हे ठाऊक असावं, एवढं त्या माणसांचं ऋण आपल्यावर आहे असं मला वाटतं.

कोर्दोनवरची रुंद हिरवळ मात्र अलीकडची आहे. १९९० च्या दशकात इथे महामार्गासाठी पुन्हा भराव घातला गेला, नागरिकांनी कसून विरोध केला आणि रस्त्याऐवजी बाग झाली. उन्हाळ्यात दुपारी इम्बात नावाचं समुद्रवारं सुटतं, त्या वेळी इथे बसायला जावं. भरावाची आणि गाळाची दुसरी बाजूही आहे. ३० ऑक्टोबर २०२० ला सामोस बेटाजवळ भूकंप झाला. केंद्र बरंच दूर होतं, तरी सगळ्यात जास्त इमारती पडल्या बायराक्लीत, कारण तिथली जमीन नदीच्या मऊ गाळाची आहे. शंभराहून जास्त माणसं गेली.

तिसऱ्या दिवशी बासमाने स्थानकातून सेल्चुकची गाडी घ्यावी. दीड तासाच्या आसपासचा प्रवास आहे आणि बसपेक्षा तो मला अधिक योग्य वाटतो. इझमीर-आयदिन हा अनातोलियातला पहिला लोहमार्ग, त्याची परवानगी १८५६ ची. त्याच्या स्थानकांचं काम करणारा इंग्रज वास्तुविशारद जॉन टर्टल वुड यानं पुढे वर्षानुवर्षं खोदकाम करून १८६९ च्या अखेरीस आर्टेमिसच्या मंदिराचा पाया शोधून काढला. आज त्या मंदिराच्या जागी एकच खांब उभा केलेला दिसतो.

एफिससमध्ये वरच्या दारानं शिरावं म्हणजे उतारानं चालता येतं. सेल्ससच्या ग्रंथालयासमोर सगळे थांबतात आणि थांबावंच. टेरेस हाउसेसचं तिकीट वेगळं आहे, पण भिंतीवरची चित्रं आणि मोझेइक पाहता ते वाया जात नाही. यानंतर थिएटरपासून निघणाऱ्या रुंद संगमरवरी रस्त्याकडे वळावं. हा रस्ता बंदराला जात होता. आता त्याच्या टोकाला झुडपं आणि बोरू आहेत आणि समुद्र कित्येक किलोमीटर दूर गेलाय. स्ट्राबो या प्राचीन भूगोलकारानं लिहून ठेवलंय, की बंदर खोल व्हावं म्हणून राजा अॅटलसनं त्याच्या तोंडाशी बांध घालून ते अरुंद केलं. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर बाहेर जाणारा गाळ आतच अडकू लागला. गाळानं भरलेली सोपाऱ्याची खाडी पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये एफिससच्या संगमरवरावर दुपारी उभं राहवत नाही. सप्टेंबरात गेलात तर बाजारात ताजे अंजीर मिळतील. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा हवा असेल, तर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा किंवा रहिवासी परवाना लागतो. तो नसेल तर आधीच रीतसर व्हिसाचा अर्ज करावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी तुर्की दूतावासाची माहिती तपासून घ्यावी. मुंबईहून इस्तंबूलमार्गे जाणं सोयीचं. मुक्काम अल्सांजाकमध्ये घेतलात तर कोर्दोन पायी गाठता येतो, कोनाकमध्ये घेतलात तर बाजार दाराशी असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं कोनाक निवडावं.

पुढच्या लेखांकात काळ्या समुद्रावरचं त्राब्झोन.