मेंदूंतील गांठ आणि चिमुकले आरएनए

मेंदूंत उद्भवणाऱ्या गांठींमध्यें ग्लायोब्लास्टोमा ही अत्यंत क्रूर होय. शस्त्रवैद्य ती कापून काढतात, पुढें किरण व औषध यांची योजना होते. तरी ती बहुधा पुन्हां वाढते, आणि अर्ध्याहून अधिक रोगी दोन वर्षांच्या आंतच दगावतात. असें कां बरें व्हावें?

शेतांतील हरळी ज्यानें खणली आहे त्यास हें कोडें निम्में उलगडेल. वरचें गवत कितीही कापा, मुळाचा एक तुकडा मातींत राहिला कीं पहिल्या पावसांत ती पुन्हां हिरवी. २००४ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें शीला सिंग, पीटर डर्क्स व त्यांचे सहकारी यांनीं अशा गांठींतून सीडी१३३ नांवाची खूण असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. त्यांपैकीं अवघ्या १०० पेशी उंदराच्या मेंदूंत घातल्या तों नवी गांठ उत्पन्न झाली. खूण नसलेल्या १,००,००० पेशींनीं कांहींच केलें नाहीं. याच त्या गांठीच्या मूळपेशी. ही खूण सर्वत्र सारखी लागू पडत नाहीं असें मागाहून आढळलें, परंतु मुळाची कल्पना टिकली.

आतां या पेशींस आवर कोण घालतें? विद्यार्थ्यांनो, डीएनए हें जणूं कुलपांत ठेवलेलें दफ्तर आहे. एखादें प्रथिन बनवावयाचें झालें म्हणजे त्यांतील हुकमाची नक्कल आरएनएच्या रूपानें बाहेर येते. परंतु कांहीं आरएनए कोणत्याच प्रथिनाचा हुकूम नेत नाहींत. सुमारें २२ अक्षरांचे हे मायक्रोआरएनए दुसऱ्यांच्या नकला हेरतात, आपल्या अक्षरांशीं जुळणारा भाग सांपडला कीं तेथें चिकटतात, आणि ती नक्कल फाडली तरी जाते, नाहीं तर वाचावयाची राहून जाते! १९९३ सालीं व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रव्हकन यांनीं जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमींत ही युक्ति उघड केली. कित्येक वर्षें लोकांस ती त्या कृमीपुरतीच वाटली. २०२४ सालीं तिजबद्दल दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मूळपेशीस बाळपण सोडावयास लावून तिची मज्जापेशी करण्यास मदत करणारा १२४ क्रमांकाचा मायक्रोआरएनए ग्लायोब्लास्टोमांत फार कमी आढळतो. १२८ क्रमांकाचा हा बीएमआय-१ या प्रथिनाचा हुकूम अडवितो. तोही ओसरलेला असतो, म्हणून मूळपेशी आपल्यासारख्याच पेशी प्रसवत राहते. उलट २१ क्रमांकाचा बेसुमार वाढलेला असून, मरणाच्या वाटेवरील पेशीस तो मरूं देत नाहीं. प्रयोगशाळेंत १२४ किंवा १३७ क्रमांकाचा परत पुरविला असतां गांठीच्या मूळपेशी मज्जापेशींसारख्या होऊं लागतात, व २१ क्रमांकाचा अडविला असतां गांठीच्या पेशी मरतात, असें दिसून आलें आहे.

मग औषध कां नाहीं? कर्करोग जिंकल्याचे मथळे वाचून हुरळून जाणाऱ्या पालकांनीं पुढील अडचणी ध्यानांत घ्याव्या. रक्त आणि मेंदू यांमध्यें एक सूक्ष्म आडपडदा आहे. आरएनएसारखा मोठा व नाजूक रेणु त्यांतून सहसा पार होत नाहीं. शिवाय एकच मायक्रोआरएनए शेंकडों हुकमांवर हात ठेवतो, तेव्हां एकीकडे सुधारतांना दुसरीकडे काय बिघडेल हें सांगवत नाहीं. ३४ क्रमांकाच्या मायक्रोआरएनएची कृत्रिम प्रतिकृति यकृत वगैरे अवयवांच्या कर्करोगांवर माणसांस देऊन पाहिली. कांहीं रोग्यांत शरीराची संरक्षक शक्ति भलतीच खवळली, मृत्यूही घडले, आणि २०१६ सालीं ती चांचणी थांबवावी लागली.