मोल कोणी ठरवायचे?

१९ एप्रिल १९९४ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कंपनीने एका वीस वर्षांच्या तरुणाची पहिली संपूर्ण ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तरुणाचे नाव नासीर जोन्स, लोकांत रूढ झालेले नाव नाझ. ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘इलमॅटिक’. रॅप हा गायनापेक्षा तालावर बोललेल्या पद्याचा प्रकार आहे, आणि नाझ त्यातला कवी. आठवीनंतर त्याची शाळा सुटली होती. तो वाढला क्वीन्सब्रिज या वसाहतीत. १९३९ साली सरकारी पैशाने उभी राहिलेली, तीन हजारांहून अधिक घरांची ही वसाहत अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सार्वजनिक गृहयोजनांपैकी एक समजली जाते.

या ध्वनिमुद्रिकेविषयी दोन निवाडे जवळजवळ एकाच वेळी लागले. ‘बिलबोर्ड’च्या विक्रीयादीत तिला बारावे स्थान मिळाले, पहिल्या आठवड्यात सुमारे साठ हजार प्रती खपल्या. बड्या कंपनीच्या हिशेबात हे यश बेताचेच. उलट ‘द सोर्स’ या हिप-हॉपला वाहिलेल्या मासिकाने तिला पाचपैकी पाच मायक्रोफोन, म्हणजे पैकीच्या पैकी गुण दिले. नवोदिताला असा मान देण्याचा प्रघात नव्हता. संपादक जॉन शेक्टर यांनी त्यासाठी आग्रह धरला आणि परीक्षण लिहिले मिन्या ओ या तरुण लेखिकेने. ‘रोलिंग स्टोन’नेही गौरव केला, पण चार ताऱ्यांवर हात आखडता घेतला.

यावरून ‘बाजार आंधळा असतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने तो आवरलेला बरा. ‘इलमॅटिक’च्या चोरट्या प्रती अधिकृत प्रकाशनाआधीच रस्त्यावर विकल्या जात होत्या. कार्यकारी निर्माता एमसी सर्च यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे अशा साठ हजार प्रती एका गॅरेजमध्ये त्यांच्या दृष्टीस पडल्या, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या अधिकृत खपाइतक्या! मागणी होती, तिची नोंद मात्र कंपनीच्या वहीत झाली नाही. काळ्या बाजारातील भाव हाही ग्राहकाचा कौलच असतो. फक्त त्यातील छदामही निर्मात्याच्या पदरात पडत नाही. ज्याच्यापाशी श्रमाखेरीज दुसरे भांडवल नाही अशा कलावंताला हा तोटा सर्वाधिक जाचतो.

निर्मितीची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी एका ध्वनिमुद्रिकेचा संगीतभार सामान्यतः एकाच निर्मात्याकडे वा गटाकडे असे. येथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. अशा पाच जणांनी तो वाटून घेतला. पीट रॉकने अहमद जमाल यांच्या पियानोचा एक तुकडा उचलून त्यावर सारे गीत उभारले. एका गीताच्या अखेरीस नाझचे वडील, जाझवादक ओलू दारा, यांचे कॉर्नेट ऐकू येते. एवढ्या हातांतून गेलेली ही कृती सुमारे चाळीस मिनिटांत आटोपते. हा संयम दुर्मीळ आहे.

समीक्षकांनी केलेली स्तुती योग्यच होती, पण तिच्यातील एक दोष सांगितला पाहिजे. अनेकांनी ‘इलमॅटिक’ची वाखाणणी दारिद्र्याची साक्ष म्हणून केली, जणू हा मुलगा चौकशी आयोगापुढे जबानी देण्यास उभा होता. ओळीच्या पोटात दडविलेली यमके, श्वासाचे गणित, दृश्यातून दृश्यात जाण्याची सफाई, हे सारे त्या कौतुकात मागे पडले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा आपल्याकडेही वस्तीचीच चर्चा अधिक झाली, वाक्यरचनेची कमी. उपेक्षितांच्या कलेला सहानुभूती चटकन मिळते. कारागिरीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

गंमत अशी, की १९९६ साली नाझची दुसरी ध्वनिमुद्रिका विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तेव्हा समीक्षक कुरकुरू लागले. पहिल्या कृतीची थोरवी हीच पुढच्या कृतींना मोजण्याची पट्टी झाली होती. ‘इलमॅटिक’चा दहा लाख प्रतींचा प्रमाणित टप्पा २००१ साली आला. हार्वर्ड विद्यापीठात २०१३ साली नाझच्या नावाने अध्ययनवृत्ती सुरू झाली आणि २०२१ मध्ये ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहासाठी निवडली गेल्याचे जाहीर झाले. मासिकाचे पाच मायक्रोफोन या सर्वांच्या कितीतरी आधीचे.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नाझचे नाव होते. त्याच वर्षी त्याच्या ‘मास अपील’ कंपनीची भारतीय शाखा निघाली आणि अंधेरीच्या वस्तीत वाढलेल्या डिव्हाइनची ‘कोहिनूर’ ही पहिली ध्वनिमुद्रिका आली. क्वीन्सब्रिजच्या कमाईतले भांडवल असे अंधेरीपर्यंत पोहोचले. आपल्या पुरवण्यांत नाटकाला आणि चित्रपटाला परीक्षणाची हक्काची जागा आहे. या मुलांच्या यमकांकडे तेवढ्याच बारकाईने पाहणारा स्तंभ मात्र अद्याप दिसत नाही.