पंधरा लिटरचा डबा, पंधरा किलोचा डबा

दिवाळीच्या फराळासाठी तेलाचा डबा घ्यायला दुकानात गेलात, तर एकाच तेलाचे, दिसायला जवळजवळ सारखे दोन डबे समोर येतात. एकावर १५ लिटर लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १५ किलो. पण दोन्हींतल्या तेलात जवळजवळ दीड लिटरचा फरक असतो. १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल मावतं, तर १५ लिटरच्या डब्यातलं तेल काट्यावर जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम भरतं.

समजा, लिटरचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि किलोचा २,४०० रुपयांना. पहिला दीडशे रुपयांनी स्वस्त वाटतो. किलोचा भाव काढला की पहिल्याचा जवळपास १६५ रुपये येतो, दुसऱ्याचा १६०. म्हणजे स्वस्त दिसणारा डबाच महाग.

पाण्याच्या सवयीने आपण एक लिटर म्हणजे एक किलो धरून चालतो. तेलाला हा हिशेब लागू नाही. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, कोणतंही घ्या. ३० अंश सेल्सिअसला लिटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. त्यांत कार्बन आणि हलका हायड्रोजन यांचाच भरणा. पाण्याचे इवलेसे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना ओढून धरतात. तेलाच्या साखळ्यांमधली ओढ त्या मानाने दुबळी. म्हणून तेवढ्याच जागेत वस्तुमान कमी बसतं. लक्षात ठेवायला एकच आकडा पुरे, ०.९१. लिटरला त्याने गुणलं की किलो मिळतात, किलोला भागलं की लिटर.

हा आकडा तापमानाबरोबर हलतो, आणि ग्राहकाने खरं सावध व्हायचं ते इथे. तेल तापलं की पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. माप तेच, पण तेल २६ ग्रॅमांनी कमी! काही उत्पादक पाकिटावर थेट ६० अंशांपर्यंतचं तापमान छापून लिटरचा हिशेब दाखवत होते. म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, की लिटरमधल्या मापासोबत तापमान छापू नका आणि वजनही लिहा. वेष्टनं सुधारायला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली गेली. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. आकारमान ऋतूप्रमाणे बदलतं, ग्रॅम बदलत नाहीत. तेव्हा पाकीट उचलल्यावर आधी ग्रॅम बघावेत.

हेच प्रसरण आपल्या कढईतही चालू असतं. ३० अंशांचं तेल तळणीच्या १८० अंशांपर्यंत पोहोचलं की त्याचं आकारमान साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. काठोकाठ भरलेल्या कढईत करंजी सोडायच्या आधीच तेल वर आलेलं असतं. करंजीतला ओलावा उकळून फेस येतो तो वेगळाच. खोबरेल तेलात याच्या उलटं दिसतं. २४-२५ अंशांखाली ते गोठतं आणि आकसतं, त्यामुळे थंडीत बाटली थोडी रिकामी भासते. वजन मात्र तेवढंच.

ऊर्जेचा हिशेब करणाऱ्यांनीही वेष्टनावरचं एकक पाहायला हवं. १०० ग्रॅम तेलात ९०० किलोकॅलरी असतात, तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ८२०. एका पाकिटावर ९०० आणि दुसऱ्यावर ८२० वाचून दुसरं तेल ‘हलकं’ समजू नये. आतलं तेल एकाच घाण्यातलंही असू शकतं. १५ मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे साडेतेरा ग्रॅमांच्या आसपास तेल, म्हणजे साधारण १२० किलोकॅलरी, मग तेल शेंगदाण्याचं असो की ऑलिव्हचं.