परदेशात भेटणारी आपली मुनिया

बंगळुरूजवळील हेसरघट्ट्याच्या गवताळ माळरानावरील लाल मुनिया पक्षिप्रेमींच्या परिचयाची आहे. नोकरी वा पर्यटनानिमित्त या शहरातून परदेशी गेलेल्यांना हाच पक्षी स्पेनमधील ग्वादियाना नदीकाठच्या भातशेतीत किंवा फिजी बेटांवर दिसला, तर नवल वाटू नये. शोभेचा पक्षी म्हणून भारतातून त्याची दीर्घकाळ निर्यात होत असे. ‘अमंदावा’ हे त्याचे शास्त्रीय नावही अहमदाबादवरूनच पडले. पिंजऱ्यातून सुटलेल्या वा मुद्दाम सोडलेल्या पक्ष्यांची पुढे अनेक देशांत वसाहत झाली. बाजारात या पक्ष्यांना सरसकट ‘फिंच’ म्हणतात. शास्त्रानुसार मात्र मुनियांचे कुळ वेगळे आहे.

विणीच्या काळात नर सहज ओळखता येतो : लालभडक अंग आणि त्यावर पांढरे ठिपके. हंगाम सरला की तो मादीसारखा तपकिरी होतो. स्पेन व पोर्तुगालमध्ये अशा वेळी त्याची गफलत आफ्रिकेतून आलेल्या ‘कॉमन वॅक्सबिल’शी होते, कारण प्रौढपणी दोघांचीही चोच लाल असते. वॅक्सबिलच्या डोळ्यावर लाल पट्टा व अंगावर बारीक आडव्या रेघा असतात. मुनियाच्या पंखांवर पांढरे ठिपके असतात आणि शेपटीच्या बुडाचा वरचा भाग लाल असतो.

ठिपकेवाली मुनिया एकोणिसाव्या शतकात हवाई बेटांवर नेण्यात आली आणि तेथील भातपिकास उपद्रवी ठरली. तपकिरी डोके व छातीपोटावरील खवल्यांसारखी नक्षी ही प्रौढ पक्ष्याची खूण होय. पिल्ले साध्या तपकिरी रंगाची असतात. म्हणून थव्यातील प्रौढ पक्षी दिसेपर्यंत निष्कर्ष काढू नये.

स्थानिक पक्षिपुस्तकात चित्र सापडले नाही, तर पाहुण्या पक्ष्याची शक्यता ध्यानात घ्यावी. एकटा, माणसाला न बुजणारा, पायात कडे असलेला पक्षी बहुधा पिंजऱ्यातून सुटलेला असतो. थव्याने वावरणारे, घरट्यासाठी गवत नेणारे किंवा पिल्लांना भरवणारे पक्षी तेथे वीण करीत असल्याचे सांगतात. स्थळ, दिनांक, संख्या आणि छायाचित्र यांची नोंद म्हणूनच मोलाची ठरते.

भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. दया म्हणूनही मुनिया विकत घेऊन सोडू नये. त्या पैशातून पुढचा पक्षी पकडला जातो.