जहाज थेट वाळूवर कसं चढतं? पहिल्या 'आयएनएस मगर'ची गोष्ट

गणपतीला गुहागरला जाताना दाभोळला तुमची गाडी फेरीबोटीत चढली असेल, तर एक गोष्ट तुम्ही पाहिलीच असेल. बोट काठाला आडवी लागत नाही. ती तोंड पुढे करून येते, लोखंडी रॅम्प उतारावर टेकवते आणि गाड्या सरळ चालत बाहेर पडतात. चिंचपोकळी-लालबागपासून जवळच असलेल्या भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून मांडव्याला रो-रो जाते. तिच्यातही गाडी स्वतःच्या चाकांवर आत-बाहेर करते, क्रेन लागत नाही.

ही पद्धत जगभर पसरली त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या एका जहाजाचा मोठा हात आहे. त्याचं नाव एलएसटी, म्हणजे रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. आपल्या नौदलाकडेही असं एक होतं.

प्रॉब्लेम काय होता?

1940 मध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैनिक परत आले, पण रणगाडे आणि तोफा तिथेच सोडाव्या लागल्या. युरोपात पुन्हा उतरायचं तर बंदरं शत्रूच्या ताब्यात. म्हणजे 30 टनांचा रणगाडा उघड्या वाळूवर उतरवायचा, तेही धक्क्याशिवाय.

इथे दोन अटी एकमेकींच्या विरोधात जातात. मोठा समुद्र पार करायला जहाज पाण्यात खोल बसलेलं हवं, नाहीतर ते फार डोलतं. किनाऱ्याला लागायला मात्र ते उथळ हवं, नाहीतर लांबच रुतून बसतं.

उत्तर: पाणी भरा, पाणी काढा

नोव्हेंबर 1941 मध्ये अमेरिकन नौदलाचे डिझायनर जॉन नीडरमायर यांनी यावर तोडगा काढला. एकच जहाज, पण त्याची खोली बदलता येणारी.

1. समुद्रात असताना पोटातल्या टाक्यांमध्ये समुद्राचंच पाणी भरायचं. जहाज खोल बसतं, स्थिर राहतं.
2. किनारा जवळ आला की पंपाने ते पाणी बाहेर टाकायचं. जहाज वर उचललं जातं. किनाऱ्याला लागताना पुढच्या भागाला साधारण 1 मीटर आणि मागच्या भागाला 3 मीटर पाणी पुरतं.
3. वाळूला टेकण्याआधी मागचा नांगर समुद्रात सोडायचा.
4. तोंडाचे दोन दरवाजे उघडायचे, रॅम्प खाली, रणगाडे बाहेर.
5. निघताना मागच्या नांगराची तार विंचने ओढायची आणि इंजिन उलटं चालवायचं. जहाज स्वतःला वाळूवरून सोडवून घेतं.

या सोयीची किंमतही होती. बुडाला सपाट आणि तोंडाला बोथट जहाज पळणार किती? वेग ताशी 20-25 किलोमीटरच्या आसपास. म्हणून खलाशी गमतीने एलएसटीचा अर्थ 'लार्ज स्लो टार्गेट' असा सांगायचे.

बेलफास्ट ते भारत

अमेरिकेने अशी हजाराहून जास्त जहाजं बांधली, तरी ती कमी पडत होती. म्हणून ब्रिटन आणि कॅनडाने स्वतःचं मॉडेल काढलं. डिझेल इंजिनांची टंचाई असल्यामुळे त्यात वाफेची इंजिनं बसवली. यातलं 'एलएसटी 3011' बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ यार्डात बांधलं गेलं. 'टायटॅनिक'वालं यार्ड तेच. ते 1945 मध्ये तयार झालं, म्हणजे युद्ध संपता संपता. 1947 मध्ये त्याला 'एचएमएस अ‍ॅव्हेंजर' हे नाव मिळालं. 1949 मध्ये ते भारताकडे आलं आणि 'आयएनएस मगर' झालं. आपल्या नौदलाचं हे पहिलं रणगाडावाहू जहाज. नाव एकदम फिट: पाण्यातही राहतं, काठावरही येतं, आणि तोंड उघडतं!

जहाज बरोबर, वाळू चूक

हे सगळं गणित किनाऱ्याच्या उतारावर चालतं. उतार साधारण 50 मीटरला 1 मीटर असेल, असं धरून डिझाइन केलेलं होतं. खरा किनारा वेगळा निघाला तर?

डिसेंबर 1971 मध्ये कॉक्स बझारजवळ हेच झालं. पाकिस्तानी सैन्याची बर्माकडे जाणारी वाट अडवण्यासाठी सैनिक उतरवायचे होते. 'घडियाल' आणि 'गुलदार' ही सोव्हिएत संघाकडून घेतलेली जहाजं किनाऱ्याकडे गेली, पण वाळूच्या आडव्या दांड्यावर टेकली. दांड्याच्या पुढे पुन्हा खोल पाणी होतं. पाठीवर सामान घेऊन उतरलेल्यांपैकी दोन सैनिक बुडाले. जहाज चालू होतं, रॅम्प चालू होता. चुकीची होती ती समुद्राच्या तळाची माहिती. म्हणूनच अशा मोहिमेआधी किनाऱ्याची मोजणी हे जहाजाइतकंच महत्त्वाचं काम असतं.

पुढे काय झालं?

'मगर'च्या जातीचंच एक जहाज 'एम्पायर बाल्टिक' नावाने 1946 मध्ये इंग्लंडमधल्या टिलबरीहून रॉटरडॅमला ट्रक नेऊ लागलं. आजच्या रो-रो वाहतुकीची ही एक महत्त्वाची सुरुवात.

'मगर' हे नाव 1987 मध्ये कोलकात्यात बांधलेल्या नव्या जहाजाला मिळालं. मे 2020 मध्ये, कोविडच्या काळात, त्याने मालदीवमध्ये अडकलेल्या 202 भारतीयांना कोचीला आणलं. 2023 मध्ये तेही निवृत्त झालं.

पुढच्या वेळी फेरीबोटीत चढाल तेव्हा गाडीत बसून रील्स बघत राहू नका. रॅम्प कुठे टेकतो आणि भरती-ओहोटीनुसार ती जागा कशी बदलते, ते बघा. 1941 मध्ये सोडवलेला प्रॉब्लेम तुमच्या डोळ्यांसमोर रोज नव्याने सोडवला जात असतो.