संडासाचं पाणी चढ चढतं तेव्हा!

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरात देवळासमोर समुद्र, भोवती माडाच्या वाड्या आणि मागे जांभ्याचा चढ. अशा गावात संडास कुठे बांधायचा हे उतार ठरवतो: भांडं वर, सेप्टिक टाकी खाली. विजेचा पंप हा नियमच उलटा करतो!

परसाकडे का जायचं? जुन्या घरांत संडास परसात, म्हणून ‘परसाकडे जाणं’. भर पावसात, रात्रीची ती वाट म्हाताऱ्या माणसांना फार जड. पंप असला, तर संडास आजीच्या खोलीशेजारी येतो.

साध्या फ्लशला वीज लागत नाही. पाण्याचा लोंढा भांड्यामागच्या वळणदार नळीत शिरतो, ओढ तयार होते आणि पुढचं काम उतार करतो. वळणात उरलेलं पाणी वास अडवतं. या नळीचं पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये घेतलं.

भांड्यामागे मिक्सर! पंपाच्या संडासात मैला आधी एका बंद पेटीत येतो. पाण्याची पातळी वाढली की स्विच आपोआप चालू होतो. पाती गरगर फिरून सगळ्याचा पातळ लगदा करतात, पंप तो वर ढकलतो आणि झडप त्याला मागे फिरू देत नाही. सगळा खेळ काही सेकंदांचा.

चार इंची पाइप कशाला? लगदा इंच-सव्वा इंचाच्या नळीतून जातो. घरगुती पंप तो चार मीटर उंचही चढवतात. फरशी फोडायची गरज नाही.

खरा फायदा विहिरीला. जांभ्यातून पाणी झरझर पाझरतं. भारतीय मानक सांगतं, टाकीचं पाणी जिरवणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर लांब हवा. उतार विहिरीकडे असला, तरी पंप मैला उलट्या दिशेला नेतो.

रेल्वेत ढकलायचं नाही, ओढायचं. 27 जून 2023 पासून रत्नागिरीमार्गे धावणाऱ्या मुंबई–मडगाव वंदे भारतमध्ये व्हॅक्यूम संडास आहेत. हवेची ओढ मैला खेचून घेते, त्यामुळे पाणी अगदी थोडं लागतं.

पाणबुडी बुडाली! खोल समुद्रात मैला बाहेर टाकायचा तर पाण्याच्या प्रचंड दाबाशी झुंज. एप्रिल 1945 मध्ये यू-1206 या जर्मन पाणबुडीत संडासाच्या झडपांतून समुद्र आत घुसला आणि पाणबुडी गमवावी लागली.

पात्यांना हे चालत नाही: सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, केस, दोरा. गुंता झाला की मोटर अडते. घरात पाहुणे उतरत असतील, तर कचऱ्याचा डबा आणि मराठीत पाटी हवीच.

आणि वीज गेली तर? पंप थांबतो, पेटी तुंबते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांनी अंधारात दिवस काढले. म्हणून आजीच्या खोलीशेजारी पंपाचा संडास जरूर बांधा, पण परसातला जुना पाडू नका. वादळात उतारच कामाला येतो.