कार्यक्रमाला जा, पण वही घेऊन

येत्या काही दिवसांत तुमच्या डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवर एकेक कागद लागायला सुरुवात होईल. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिवस, फेब्रुवारीच्या मध्यात कॅम्पस पक्षिगणना, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. २१ मार्चला वन दिन, लगेच २२ मार्चला जल दिन. मग परीक्षा, आणि ५ जूनला पर्यावरण दिन.

दर वर्षी या सुमारास ज्युनिअर्स विचारतात, "ताई, यातल्या कशाकशाला जाऊ? पीएच.डी.च्या मुलाखतीत उपयोग होतो का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सगळीकडे जाऊ नका, दोन कार्यक्रम पुरेत. पण त्या दोन्हींना वही घेऊन जा आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच जागी परत जा. हे असं का सांगते, ते माझ्याच एका फजितीवरून कळेल.

बाटलीतला आकडा

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जल दिनाला आम्ही चिंचवडला पवनेच्या घाटावर पाण्याचे नमुने घ्यायला गेलो होतो. वेळ सकाळी नऊची होती. पाहुणे उशिरा आले, मग भाषण झालं, बॅनरसोबत फोटो झाले. माझी बाटली पाण्यात बुडाली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बाटली कोल्ड्रिंकची, अर्धवट भरलेली. ती सॅकमध्ये टाकली, बस पकडली, मध्ये जेवण केलं आणि दुपारी लॅबमध्ये पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला. आकडा आला, मी पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिला. सरांनी पोस्टर पाहून दोनच प्रश्न विचारले: नमुना किती वाजता घेतला, आणि ऑक्सिजन जागेवर फिक्स केला होता का? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "मग हा आकडा नदीचा नाही, बाटलीचा आहे."

तेव्हा खूप लागलं होतं. पण त्या एका वाक्यात दोन चुका दडलेल्या होत्या, आणि त्या तुम्ही आत्ताच समजून घेतलेल्या बऱ्या.

पहिली चूक बाटलीची. नदीच्या पाण्यात सूक्ष्मजीव असतात. बाटली बंद केली तरी ते आतली सेंद्रिय घाण खात राहतात आणि ऑक्सिजन वापरत राहतात. उलट अर्धवट भरलेली बाटली बसमध्ये हिंदकळली की वरच्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो. म्हणजे आकडा खालीही जाऊ शकतो, वरही, आणि नेमकं काय झालं ते नंतर कळायला मार्ग नाही. म्हणूनच विंकलर पद्धतीत काचेची बाटली एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरतात आणि नदीवरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण घालतात. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. अनुमापन नंतर लॅबमध्ये करता येतं, पण ऑक्सिजनला जागेवरच धरून ठेवावं लागतं.

दुसरी चूक घड्याळाची, आणि ती जास्त फसवी. दिवसा शेवाळ आणि पाण्याखालच्या वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, त्यामुळे ऑक्सिजन दुपारपर्यंत वाढत जातो. रात्री सगळेच श्वसन करतात आणि पहाटे तो सर्वांत कमी होतो. त्यात पवनेवर उन्हाळ्यात जलपर्णी पसरते. तिच्या गालिच्याखाली उजेडही पोचत नाही आणि हवाही नीट मिसळत नाही. म्हणजे पाहुणे उशिरा आले म्हणून माझा आकडा बदलू शकत होता! कार्यक्रमपत्रिका अशी गुपचूप तुमच्या डेटात शिरते. हे लक्षात आलं की संशोधनाची निम्मी तयारी झाली असं समजा.

पक्षिगणनेतही तेच

कॅम्पस पक्षिगणना ही 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या जागतिक उपक्रमाबरोबर होते. भारत त्यात २०१३ पासून आहे. चार दिवस, दर वेळी किमान १५ मिनिटं पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्डवर टाकायची. सोपं आहे. पण सात वाजता गेलेला गट आणि चहा-नाश्ता उरकून साडेदहाला गेलेला गट यांच्या याद्या वेगळ्या येणारच. पक्षी तेच असले तरी उन्हं चढल्यावर त्यांची हालचाल आणि आवाज कमी होतात. म्हणून यादीसोबत सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर चाललो हे लिहायचंच. आणि ओळखलेले सगळे पक्षी लिहायचे, फक्त 'भारी' नाही. कावळा आणि कबूतर गाळलं की ते नव्हतेच की तुम्ही लिहिलं नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

अशा याद्या वाया जात नाहीत. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल हजारो पक्षिनिरीक्षकांच्या ईबर्ड याद्यांवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला आहे.

आता तुम्ही काय करायचं

एक जागा निवडा, घरापासून किंवा कॉलेजपासून चालत किंवा एका बसने पोचता येईल अशी. चिंचवड-पिंपरीकडचे असाल तर पवना. मोशी, आळंदी, चाकणकडचे असाल तर इंद्रायणी. दोन मित्र मिळून करणार असाल तर पवनेवर छान जोडी जमते. वर रावेतचा बंधारा, जिथून शहरासाठी पाणी उचललं जातं, आणि खाली दापोडी, जिथे पवना मुळेला मिळते. मधल्या पट्ट्यात नदी शहरातून वाहते. एकाच सकाळी दोन्हीकडे मोजलं तर तेवढ्या अंतरात पाण्याचं काय होतं, हा प्रश्न तुमच्या हातात येतो.

मग कॅलेंडर असं वापरा:

• २ फेब्रुवारी: जागा ठरवा, फोटो कुठून काढायचा ती खूण पक्की करा.
• पक्षिगणना: त्याच काठावर सकाळी १५ मिनिटं मोजा.
• २२ मार्च: कार्यक्रमाच्या *आधी*, ठरलेल्या वेळी नमुना घ्या. मग खुशाल बॅनरसोबत उभे राहा.
• ५ जून: पुन्हा तेच. बहुतेक वर्षी तोवर मोठा पाऊस आलेला नसतो, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटची नदी मिळते.

मधल्या काळात पंधरवड्यातून एकदा जा. किट नसेल तर तापमान, रंग, वास, फेस, जलपर्णीने अंदाजे किती पाणी झाकलंय आणि त्याच खुणेवरून फोटो, एवढं पुरे. रसायनं सरांच्या किंवा मॅडमच्या परवानगीनेच न्या. पाण्यात उतरू नका.

तुलनेसाठी एक मोजपट्टी लक्षात ठेवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार नदीत आंघोळीसाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा आणि बीओडी ३ मिलिग्रॅम किंवा कमी.

आणि एक सावधगिरी, जी आपल्या पट्ट्यात फार महत्त्वाची आहे. आळंदीला इंद्रायणीवर फेस दिसला की आपल्या तोंडी पहिला शब्द 'कंपनी' येतो. असेलही. पण डिटर्जंट घरातल्या सांडपाण्यातही असतं, आणि ऑक्सिजन कमी असला तरी तो कोणामुळे कमी झाला हे एकटा ऑक्सिजन सांगत नाही. तुमच्या वहीत जेवढं आहे तेवढंच म्हणा. "फेस होता, अमुक वाजता, अमुक पुलाच्या खाली." आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरात पगार त्याच कंपन्यांतून येतो आणि वारीला आपलीच माणसं त्या घाटावर आंघोळ करतात. दोन्ही बाजूंना उत्तर देता येईल असाच आकडा हवा.

मुलाखतीत सर्टिफिकेटांची फाइल कोणी फारशी उघडत नाही, असा माझा अनुभव आहे. पण "एकाच जागेच्या पाच महिन्यांच्या नोंदी आहेत, आणि त्यातल्या तीन का गाळल्या ते सांगू शकते," असं म्हटलं की समोरचे पुढे सरकून बसतात.

माझं ते पोस्टर अजून आहे. त्यावरचा आकडा मी खोडलेला नाही, शेजारी पेन्सिलने वेळ लिहिली आहे, 'साडेअकराच्या पुढे, बहुतेक'. तुमच्या वहीत 'बहुतेक' येऊ देऊ नका.